पिंजऱ्याखालचं पीस आधी उचलून बघा: लहान वयाचा पोपट पिसं उपटायला लागतो तेव्हा

हळद्या आमच्याकडे आला तेव्हा अडीच-तीन महिन्यांचा होता. सन कॉन्युअर, म्हणजे मोठेपणी पिवळा-नारिंगी होणारा छोटा परदेशी पोपट. नाव हळद्या ठेवलं तरी अंग तेव्हा निम्मं हिरवंच होतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी पिंजऱ्याचा ट्रे ओढला, तर कागदावर नऊ-दहा छोटी पिसं. आई म्हणाली, "थंडी सुरू झाली ना, टाकत असेल पिसं." मलाही ते पटलं. पिसं गोळा केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. पंधरा दिवसांत छातीवर रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडी पडली, गुलाबी कातडी दिसायला लागली. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न: "पडलेली पिसं आणलीत का?"

म्हणून पिसापासूनच सुरुवात करू.

पीस उजेडात धरा

आठ-दहा दिवसांत पडलेली सगळी पिसं एका कागदी पाकिटात जमवा, प्रत्येक दिवसाची तारीख टाकून. मग खिडकीशी बसून एकेक पीस बघा. आपोआप गळलेल्या पिसाचं देठ शाबूत असतं, टोकाकडे निमुळतं, कोरडं आणि पांढुरकं. उपटलेल्या पिसाच्या मुळाशी कधी ओलसर, काळपट किंवा लालसर भाग दिसतो, आणि देठावर चोचीने दाबल्याचा वळ किंवा मुरड सापडते. तिसरा प्रकार कुरतडलेल्या पिसाचा. यात पीस अंगावरच राहतं, पण कडा फाटलेल्या, दोऱ्या सुटलेल्या, मधूनच तुकडा उडालेला. खाली अर्धवट तुकडे पडतात, मूळ कुठे दिसत नाही.

हा फरक पुढच्या अपेक्षेसाठी फार महत्त्वाचा आहे. उपटलेल्या पिसाच्या जागी शरीर बहुतेक वेळा लगेच नवं पीस काढायला घेतं, आणि मध्ये अडथळा आला नाही तर लहान जातींत ते महिना-दीड महिन्यात पूर्ण होतं. कुरतडलेलं पीस मात्र तसंच राहतं. त्याचा तुटका बुंधा पुढच्या पीसगळीपर्यंत जात नाही, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पक्षी कित्येक महिने भिकारी दिसू शकतो. हे माहीत नसलं की माणूस तिसऱ्या आठवड्यात हताश होतो आणि सगळे उपाय सोडून देतो.

पिसावर आडव्या फिकट रेघा दिसल्या तर तीही नोंद ठेवा. ते पीस वाढत असताना पक्षी आजारी होता, उपाशी होता किंवा मोठ्या ताणात होता, एवढं त्या सांगतात. हळद्याच्या शेपटीच्या दोन पिसांवर अशी रेघ होती, दोन्हींवर जवळपास एकाच अंतरावर. ती आमच्या घरी येण्याच्या सुमाराची निघाली.

आता पक्ष्याकडे: डोकं बघा

पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे डोक्यावरची, गालावरची पिसं गुळगुळीत आणि मानेखालून सगळं उजाड असेल, तर बहुतेक काम त्याचंच. डोकंही विरळ झालं असेल तर तो स्वतः करत नाहीये. एक तर जोडीदार करतो, नाहीतर आजार आहे, किंवा तो ते डोकं सळ्यांना घासतोय. घरट्यातून नुकतंच काढलेलं कॉकटेलचं (कॉकाटील, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) किंवा आफ्रिकन लव्हबर्डचं पिल्लू असेल तर डोक्यावर-पाठीवर टक्कल आईबापांनी केलेलं असू शकतं. पुढची वीण घालायची घाई झालेले आईबाप पिल्लांची पिसं ओढतात. अशा पिल्लाला वेगळं केलं की ते भरून येतं. (दुकानात ज्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. डॉक्टरांना फोनवर जात सांगताना हा घोळ टाळा.)

आणि बऱ्याचदा हा प्रकार पिसं उपटण्याचा नसतोच. कॉन्युअर, कॉकटेल साधारण सहा महिन्यांच्या आसपास पहिल्यांदा पिसं बदलायला लागतात. नवं पीस काट्यासारखं वर येतं, त्यावर मेणचट पांढरं आवरण असतं, आणि पक्षी दिवसभर ते आवरण चोचीने फोडत बसतो. खाज सुटते, चिडचिड होते, हात लावला तर ओरडतो. अननुभवी पिल्लू या धांदलीत एखादं चांगलं पीसही ओढून काढतं. सन कॉन्युअरच्या बाबतीत तर खूण सोपी आहे: जाणारं पीस हिरवट, येणारं पिवळं किंवा नारिंगी. पिसं दोन्ही बाजूंनी सारखीच गळत असतील, कातडी कुठेच उघडी नसेल आणि काटे येत असतील, तर काही करू नका. अंघोळ घाला, एवढंच.

हळद्याची सुरुवातही बहुधा अशीच झाली. पीसगळीची खाज होती, पण आमच्या घरात तिला जोड मिळाली. ती काय, ते पुढे.

वाट बघू नये अशा गोष्टी

रक्त येत असेल, कातडीवर जखम असेल, पक्षी अंग फुगवून दिवसा डोळे मिटून बसत असेल, विष्ठा पातळ किंवा गर्द हिरवी झाली असेल, किंवा वजन दहा टक्क्यांनी उतरलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. वजनासाठी एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो; त्यावर आडवी काठी बसवा आणि रोज सकाळी, खाण्याआधी वजन घ्या. सन कॉन्युअर साधारण 100 ते 120 ग्रॅमचा, कॉकटेल 80 ते 100, बजरीगर 30 ते 40. पक्षी बारीक झाला तरी पिसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं.

वाढत्या पिसात रक्त असतं. ते मधूनच तुटलं तर भळाभळा येतं आणि घरात सगळ्यांची गाळण उडते. 100 ग्रॅमच्या पक्ष्यात एकूण रक्त 10 मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन चमचे. चार थेंबांनी काही होत नाही, पण गळत राहिलं तर घात होतो. तुटक्या टोकावर कॉर्नफ्लॉर दाबून धरा, स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटं हलका दाब द्या, छाती आवळू नका, आणि थांबलं नाही तर निघा.

दवाखान्यात

बहुतेक प्राण्यांचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांत मुरलेले असतात, त्यात त्यांचा दोष नाही. फोनवरच विचारा: "तुम्ही पोपट नियमित बघता का?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा, लांब पडलं तरी. सोबत काय न्याल: पिसांचं पाकीट, वजनाची वही, पिंजऱ्याचे आणि खाण्याच्या वाटीचे फोटो, सकाळची ताजी विष्ठा प्लॅस्टिकच्या डबीत, आणि मोबाइलवर पिसं उपटतानाचा व्हिडिओ. टेबलावर कुठलाही पोपट शहाण्यासारखा वागतो.

विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी स्वस्त असते, ती आधी करून घ्या. कॉकटेलमध्ये जिआर्डिया नावाच्या परजीवीमुळे पंखाखाली भयंकर खाज सुटते आणि पक्षी किंचाळत पिसं ओढतो. ताज्या नमुन्यातच तो सापडण्याची शक्यता जास्त. लहान वयात दुसरी शंका विषाणूची. सर्कोव्हायरसने चोच आणि पिसांचा रोग होतो. त्यात नवी पिसं आखूड, मुळाशी चिमटलेली, गदेसारखी जाड येतात आणि डोक्यावरचीही बिघडतात. बजरीगरच्या पिल्लांत विषाणूमुळे पंखांची आणि शेपटीची पिसं गळतात आणि पिल्लू उडण्याऐवजी जमिनीवर पळत राहतं. सर्कोव्हायरससाठी रक्ताचा थेंब आणि पिसं घेऊन पीसीआर चाचणी होते. लक्षणं नसलेल्या पक्ष्याची चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच खचू नका. काही पक्षी विषाणू परतवून लावतात, म्हणून साधारण 90 दिवसांनी चाचणी पुन्हा करतात. तोवर घरातले बाकीचे पक्षी वेगळ्या खोलीत.

"उवा झाल्यात, पावडर मारा" हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. घरात एकट्याने राहणाऱ्या पोपटाच्या पिसं उपटण्यामागे उवा किंवा पिसवा क्वचित निघतात. कुत्र्याची पावडर मारून पक्षी मात्र आजारी पडू शकतो. खाज थांबवायला कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर दहा वेळा विचारा. पक्ष्यांची प्रतिकारशक्ती त्याने पटकन ढासळते.

आजार नाही निघाला, तर घर तपासा

आमचे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टरांनी एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, "चोवीस तासांत हा काय करतो ते लिहून आणा. तुम्ही काय करता तेही." ते लिहिताना मला माझीच लाज वाटली. पिंजरा हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. दिवा बंद व्हायचा साडेअकराला, कुकरच्या शिट्ट्या सुरू सहाला. झोप साडेसहा तास. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात आई एकटी, आणि आई दुपारी झोपते.

सन कॉन्युअर मूळचा गयाना आणि उत्तर ब्राझीलचा. विषुववृत्ताजवळ, जिथे वर्षभर रात्र जवळपास बारा तासांची. दहा ते बारा तास अंधार आणि शांतता ही त्याची गरज आहे. पिंजरा उचलून आतल्या खोलीत नेला, साडेसातला पडदा, सकाळी साडेसहाला उघडायचा. हॉलमधला मोठा पिंजरा दिवसासाठी आणि झोपायला वेगळा छोटा पिंजरा, हे सगळ्यात सोयीचं. फक्त हा एक बदल केला आणि पहिल्या आठवड्यात ट्रेमधली पिसं दिवसाला आठ-नऊवरून तीन-चारवर आली.

दुसरी गोष्ट पंख. विकणाऱ्याने पंख कापूनच दिला होता, "उडून जाणार नाही" म्हणून. उडायला शिकण्याआधी पंख कापलेलं पिल्लू धडपडतं, छातीवर आपटतं, घाबरट होतं. शिवाय आडव्या कापलेल्या पिसांचे खुंट पंख मिटला की बरगडीला टोचतात. पिल्लू तो टोचणारा खुंट चावतं आणि हळूहळू शेजारची पिसंही. तुमचा पक्षी पंखाखाली आणि कुशीतच उपटत असेल तर पंख उघडून हे बघा. खुंट घरी ओढून काढू नका. ते काम भूल देऊन डॉक्टरांनी करायचं असतं, किंवा पीसगळीची वाट बघायची.

पिंजऱ्याची जाळी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जीआयची असेल तर तिच्यावरचा जस्ताचा थर सोलून पोटात जातो. जस्ताची विषबाधा थोडी-थोडी होते तेव्हा सुस्ती, पातळ विष्ठा आणि पिसं ओढणं एवढंच दिसतं. जाळीवर पांढरी भुकटी दिसत असेल तर तो पिंजरा बदला. स्टेनलेस स्टीलचा महाग पडतो, पण निदान चांगल्या पावडर कोटिंगचा घ्या. खेळण्यातली स्वस्त घंटा, कुलूप, साखळी, बांगडीचे मणी हेही त्याच यादीत.

खाणं. करडई, सूर्यफूल, बाजरी, राळा यांचं तयार मिश्रण म्हणजे पोपटाचा वडापाव: आवडतो, पोट भरतं, पण रोज तेवढंच नको. नुसत्या बियांत जीवनसत्त्व 'अ' आणि कॅल्शियम फार कमी, आणि कातडी कोरडी पडायला तेवढं पुरतं. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, उकडलेलं रताळं, मक्याचं कणीस. सोबत चांगल्या पेलेट, म्हणजे पोपटांसाठीचं तयार गोळीबंद खाद्य. बदल एका दिवसात करू नका. बियांवर वाढलेला पक्षी नवं अन्न ओळखतच नाही आणि उपाशी राहतो. सकाळी भूक असते तेव्हा भाजी, दोन तासांनी बाकीचं, आणि वजनाच्या काट्यावर नजर. मोड आलेले मूग चालतात, पण आपल्या उकाड्यात दोन तासांत आंबतात, तेव्हा उरलेले फेकून द्या. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा बंद. पावसाळ्यात बियांना बुरशीचा कुबट वास आला तर अख्खी पिशवी टाकून द्या, चाळून वापरू नका.

हवा आणि धूर. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा इतकी कोरडी की आपलेच ओठ फुटतात. आठवड्यातून चार-पाच सकाळी कोमट पाण्याचा बारीक फवारा वरून, पावसासारखा पडेल असा. साबण नाही, शाम्पू नाही. दुपारपर्यंत अंग वाळलं पाहिजे. अगरबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल, रूम फ्रेशनर पिंजऱ्याच्या खोलीत नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, हे पिसांशी संबंधित नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चोचीला काम द्या

घर सुधारलं तरी सवय उरते, आणि ती उरते कारण चोच रिकामी असते. रानातला पोपट दिवसाचे चार ते सहा तास अन्न शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात घालवतो. आपण वाटी भरून देतो, अर्ध्या तासात जेवण संपतं. उरलेल्या वेळात त्याच्यासमोर सोलण्यासारखं एकच झाड असतं: तो स्वतः.

हे नुसतं म्हणणं नाही. 2003 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान वयाच्या अॅमेझॉन पोपटांवर प्रयोग प्रसिद्ध केला. काही पक्ष्यांना साधे पिंजरे, काहींना अन्न शोधायला लावणारी आणि चढायला-चावायला लावणारी साधनं. साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसं बिघडत गेली, दुसऱ्यांची चांगली राहिली. नंतर पहिल्या गटालाही ती साधनं दिली, तर त्यांचीही सुधारली. नवीन सवय मोडता येते, आणि लहान वयात तर येतेच.

कसं करायचं? पहिल्या दोन दिवशी त्याच्यासमोर कागदाच्या तुकड्यावर सूर्यफुलाची बी ठेवा. तिसऱ्या दिवशी तोच कागद अर्धवट दुमडा, बी दिसत राहील असा. पाचव्या दिवशी गोळी करा. मग गोळी पत्रावळीच्या द्रोणात, द्रोणावर दुसरा द्रोण. एकदम अवघड करून दिलं तर पक्षी घाबरतो आणि आपण म्हणतो, "आमचा खेळतच नाही." हळद्या पहिल्या द्रोणाला बघून वरच्या काठीवर जाऊन बसला आणि वीस मिनिटं खाली आला नाही. मी तो द्रोण पिंजऱ्याबाहेर, हातभर लांब टांगला, रोज चार बोटं जवळ आणला. सहाव्या दिवशी त्याने त्याच्या चिंध्या केल्या.

विकतची खेळणी क्वचितच लागतात. मक्याच्या कणसाची सालं, पेरूच्या आणि कडुलिंबाच्या पानांसकट फांद्या (फवारणी न केलेल्या, धुऊन), करवंटीला भोकं पाडून त्यात भोपळ्याचे तुकडे, तपकिरी कागदाच्या पिशव्या. छातीची पिसं उपटणाऱ्या पक्ष्यासाठी खेळणं छातीच्या उंचीला, तो जिथे बसून उपटतो त्याच काठीजवळ बांधा. काथ्या आणि सुती दोरा मात्र सांभाळून. सुटलेल्या धाग्यात पाय अडकतो आणि गिळलेला धागा अन्नपिशवीत गोळा होतो.

बसायची काठी गुळगुळीत लाकडी दांडी असेल तर ती काढा. पेरूची वेडीवाकडी फांदी, दोन-तीन वेगवेगळ्या जाडीची, लावा. साल सोलण्यातच त्याची दुपार जाते.

आपलं वागणं

पीस ओढलं की आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो: "हळद्याऽऽ, नको!" आई उठून यायची, पिंजरा उघडायची, बाहेर काढून कुरवाळायची. पोपटाने यातून काय शिकावं? पीस ओढलं की माणसं येतात. जखम होत नसेल तर ओढताना बघू नका, बोलू नका. तो कागद फाडत असताना, शांत बसलेला असताना जवळ जा, तेव्हा बोला, तेव्हा बी द्या. आईला हे पटवायला मला पोपटापेक्षा जास्त दिवस लागले.

कुरवाळायचं ते डोकं आणि मान. पाठीवर, पंखाखाली, पोटावर हात फिरवला की वयात येऊ लागलेल्या पक्ष्याला ते जोडीदाराचं लक्षण वाटतं आणि त्यातून वेगळीच अस्वस्थता सुरू होते. डोक्यावरचे काटे मात्र हळद्या स्वतः फोडू शकत नाही. तो मान वाकवून देतो तेव्हा नखाने पांढरं, वाळलेलं आवरण अलगद चुरडा. मूळ निळसर-काळं असेल तर तिथे रक्त आहे, हात लावू नका.

सोबत म्हणून लगेच दुसरा पक्षी आणू नका. नवा पक्षी आजार घेऊन येऊ शकतो, किमान महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवावा लागतो, आणि कधीकधी तोच उपटायला शिकतो. खोबरेल तेल, हळदीचा लेप, कोरफड विसरा. तेलाने पिसं चिकटतात आणि पक्षी ती आणखी चावतो. गळ्यातली कॉलर फक्त जखमेपुरती, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

कायद्याचं दोन ओळींत. आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो घरात असेल तर खिडकीतून सोडू नका, हातावर वाढलेला पक्षी बाहेर टिकत नाही. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर विचारा. सन कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव अशा परदेशी जातींची नोंद 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दर रविवारी सकाळी, त्याच खिडकीशी, त्याच बाजूने एक फोटो काढा. रोज बघून फरक कळत नाही. आमच्या फोटोंत डिसेंबरच्या शेवटी छातीवर करड्या लवेची साय दिसते, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी काटे, आणि फेब्रुवारीत नाण्याएवढ्या जागेवर पिवळी पिसं, शेजारच्या जुन्या हिरव्यांपेक्षा ठळक. डाव्या पायाच्या वर मात्र बोटभर जागा अजून उघडी आहे. एकाच मुळातून पीस पुन्हा पुन्हा उपटलं गेलं की ते मूळ कायमचं निकामी होऊ शकतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये ड्रिल मशीन सुरू झालं की तो अजूनही नेमका तिथेच चोच नेतो. आता आई त्याच्याकडे न बघता पिंजऱ्यात शेवग्याची डहाळी सरकवते.